जुन्या उद्योग-व्यापारी मासिकांचा संग्रह: अंक घ्या तो जाहिरातींसकट

ग्रंथालयात ‘कॉमर्स’चा किंवा ‘ईस्टर्न इकॉनॉमिस्ट’चा बांधीव खंड उघडा. मजकूर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग मिळेल. मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि जाहिरातींची पानं मात्र बऱ्याचदा मिळणार नाहीत. खंड जाड होऊ नये म्हणून बायंडरनं ती आधीच काढून टाकलेली असतात. पृष्ठक्रमांक मात्र तुटत नाहीत, कारण जाहिरातींच्या पानांना एकतर क्रमांकच नसे किंवा रोमन आकडे असत. वरवर पाहणाऱ्याला खंड पूर्णच वाटतो.

खासगी संग्राहकाचं काम इथे सुरू होतं. लेख बहुतेक कुठे ना कुठे जपलेले आहेत. ‘इकॉनॉमिक वीकली’ आणि त्याच्यानंतरचं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ यांचे लेख तर घरबसल्या वाचता येतात. पण कुठल्या कंपनीनं कोणत्या महिन्यात कसली जाहिरात दिली, प्रॉस्पेक्टसचा (भागविक्रीच्या माहितीपत्रकाचा) गोषवारा कसा छापला, अर्जाचा फॉर्म कसा दिसायचा, हे फक्त सुट्या, न बांधलेल्या अंकात उरतं. म्हणून पुढच्या सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच आग्रह आहे: अंक सुटा घ्या आणि पूर्ण घ्या.

काय जमवायचं

‘सगळंच’ जमवायला निघालेल्या माणसाचा संग्रह दोन वर्षांत माळ्यावर जातो. एक नियतकालिक आणि त्याचा एक कालखंड ठरवा.

इंग्रजीत कलकत्त्याचं ‘कॅपिटल’ (१८८८) आणि मुंबईचं ‘कॉमर्स’ (१९१०) ही जुनी साप्ताहिकं. दिल्लीचं ‘ईस्टर्न इकॉनॉमिस्ट’ १९४३चं, तर सचिन चौधरींचं ‘इकॉनॉमिक वीकली’ मुंबईतून १९४९मध्ये सुरू झालं. १९७८मध्ये ‘बिझनेस इंडिया’ आलं आणि रंगीत मुखपृष्ठाच्या, गुळगुळीत कागदाच्या पाक्षिकांचा जमाना सुरू झाला. ‘बिझनेस टुडे’ १९९२चं. नवशिक्यानं ‘बिझनेस इंडिया’ची १९७८ ते १९९२ ही वर्षं धरावीत असं आमचं मत आहे. अंक अजून मिळतात, कागद बरा आहे, आणि परवाना राज्यापासून उदारीकरणापर्यंतचा सगळा प्रवास त्यांच्या जाहिरातींत दिसतो.

मराठीत हा संग्रह जास्त अवघड आणि म्हणूनच जास्त मोलाचा. ‘किर्लोस्कर खबर’ १९२० साली किर्लोस्करवाडीहून कारखान्याचं गृहपत्र म्हणून निघालं. पुढे नावातलं ‘खबर’ गळलं आणि ‘किर्लोस्कर’ हे घरोघरी जाणारं मासिक झालं. संग्राहकाला हवे असतात ते ‘खबर’ काळातले, नांगर आणि चरकांच्या जाहिराती असलेले अंक. नागपूरचं ‘उद्यम’ आणि पुण्याच्या मराठा चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संस्थेचं ‘संपदा’ यांच्याकडे अजून कुणी फारसं वळत नाही, त्यामुळे ते रद्दीच्या भावात हाती लागण्याची शक्यता जास्त. ‘उद्यम’सारख्या मासिकाच्या वाचकानं त्यातला मजकूर वापरलेला असतो. साबण, शाई, फळप्रक्रिया यांच्या कृती कापून वहीत चिकटवल्या जात. म्हणून असे अंक पान न पान मोजूनच घ्या.

फक्त बजेट अंक जमवायचे असतील तर तारखांचा एक घोटाळा आधीच समजून घ्या. २०१६पर्यंत केंद्रीय अर्थसंकल्प साधारणपणे फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी मांडला जाई, म्हणून बजेट अंक मार्चचा. पण निवडणुकीच्या वर्षांत हे गणित बिघडतं. १९९१चा अर्थसंकल्प २४ जुलैला, १९९६चा २२ जुलैला, १९९८चा १ जूनला मांडला गेला. १९९१च्या मार्चचा अंक ‘ऐतिहासिक बजेट अंक’ म्हणून गळ्यात मारणारे विक्रेते भेटतात. त्या मार्चमध्ये नुसता अंतरिम अर्थसंकल्प होता. ‘बिझनेस इंडिया’च्या अंकावर एक तारीख नसून ‘अमुक ते अमुक’ असा पंधरवडा असतो, तेव्हा विचारताना घटनेनंतर सुरू होणारा पंधरवडा सांगा.

परदेशी नावांपैकी ‘फॉर्च्यून’चे १९३०च्या दशकातले अंक मुंबईतल्या जुन्या कंपन्यांच्या रद्दीत कधीमधी निघतात. ते सुमारे ११ बाय १४ इंचांचे, जाड कागदाचे आणि भलतेच जड असतात. चित्रकारांनी केलेली मुखपृष्ठं फ्रेम करण्यासाठी कापून विकली जातात, म्हणून मुखपृष्ठ मूळ अंकाचंच आहे ना, ते पाहा.

कुठे मिळतात

फोर्टमधले पदपथावरचे पुस्तकवाले, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, कलकत्त्याची कॉलेज स्ट्रीट ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. तिथे सुटे अंक मिळतात, सलग वर्षं क्वचित. सलग वर्षं मिळण्याची खरी जागा म्हणजे बंद होणारी कार्यालयं: जुनी सीए फर्म, शेअर दलालाची पेढी, गिरणीचं हेड ऑफिस, वाणिज्य महाविद्यालयाचं ग्रंथालय. महाविद्यालयात ‘निर्लेखन’ झालेली, म्हणजे नोंदीतून काढून टाकलेली, नियतकालिकं वजनावर जातात. ग्रंथपालांना आधी अर्ज देऊन ठेवला तर कळवतात. वर्गणीदाराच्या घरून आलेल्या अंकांवर पत्त्याची चिठ्ठी असते. तोच पत्ता गठ्ठ्यातल्या सगळ्या अंकांवर दिसला तर समजा की सलग वर्ष मिळण्याचा संभव आहे.

रद्दीवाल्याकडे घाई नडते. गठ्ठा त्याच्यासमोर सोडून चार अंक बाजूला काढले की त्या चारांचा भाव चढतो आणि उरलेले संध्याकाळच्या टेम्पोत लगदा व्हायला जातात. “काका, सुटा करू नका, सगळाच गठ्ठा तोला,” एवढं म्हणून पूर्ण गठ्ठा वजनावर घेणं शेवटी स्वस्त पडतं. नको असलेलं अदलाबदलीला उपयोगी येतं.

वजनाचा अंदाज असा: शंभर पानांचा, आर्ट पेपरवरचा (गुळगुळीत, चमकदार कागदावरचा) पाक्षिक अंक २५० ते ३०० ग्रॅम भरतो, म्हणजे किलोत साडेतीन-चार अंक. वर्षाचे २६ अंक साडेसहा ते आठ किलो आणि रचले तर १० ते १२ सेंटिमीटर उंची. दहा वर्षांचा संग्रह म्हणजे ६५ ते ८० किलो. प्लायवुडचा लांब फळा एवढ्या वजनानं झुकतो हे कपाट घेतानाच लक्षात ठेवा.

घेण्याआधी अंक कसा तपासायचा

मधलं पान उघडा. पिनांवर बसलेल्या अंकात मधलं जोडपान सैल असतं आणि तेच आधी गळतं. मग पृष्ठसंख्या मोजा. असा अंक एकात एक घातलेल्या चौपानी घड्यांचा असतो, म्हणून मुखपृष्ठाची चार पानं वगळून उरलेल्या पानांना चारानं भाग जायलाच हवा. जात नसेल तर एखादं पान फाडलेलं आहे. ते शोधण्यासाठी कण्याजवळ बोट फिरवा: एका बाजूचं पान आहे आणि त्याच्या जोडीच्या ठिकाणी अर्धा सेंटिमीटरची पट्टी उरली आहे, असं दिसेल.

त्यानंतर कापलेल्या चौकोनांकडे वळा. वर्गणीचं कूपन, स्पर्धेचं उत्तर, शेअर अर्ज वाचकांनी कापून वापरले. मागच्या पानावरच्या मजकुरात खिडकी पडलेली दिसली की समजायचं. १९८०च्या दशकात, भागविक्रीच्या लाटेत, अंकांबरोबर अर्जाचे फॉर्म सुटे घातलेले असत. ते शाबूत सापडले तर त्यांची किंमत अंकापेक्षा जास्त माना आणि ज्या अंकात, ज्या पानांमध्ये सापडले ते लगेच टिपून ठेवा.

वार्षिक अंकात घडीचे तक्ते आणि नकाशे असतात. ते घडीवरच फाटतात. दुकानात उभ्यानं उलगडू नका. घडीच्या रेषेवर उजेड आरपार दिसतो का, एवढं पाहिलं तरी पुरतं.

सुट्या जाहिरातींचा बाजार वेगळाच आहे आणि तिथे नकला सर्रास मिळतात. खऱ्या वर्तमानपत्री कागदाचा पिवळेपणा कडेला गडद आणि आत फिका असतो, कारण हवा आणि उजेड कडेकडून शिरतात. चहाच्या पाण्यात बुडवलेलं पान सगळीकडे एकसारखं तपकिरी होतं. दहापट भिंग लावा. जुन्या छपाईत चित्र शिस्तीत मांडलेल्या ठिपक्यांचं दिसतं, इंकजेटमध्ये शिंतोडे विखुरलेले. ठोकळ्यांच्या (लेटरप्रेस) छपाईचं पान तिरप्या उजेडात धरलं तर मागच्या बाजूला अक्षरांचे उठाव जाणवतात. आणि पान उलटं करायला विसरू नका. मागची बाजू कोरी असेल तर बहुधा ते मासिकातलं पानच नव्हे.

तारीख नसलेल्या अंकाचं वय

मुखपृष्ठ गेलेला अंक आला की आधी मुद्रक-प्रकाशकाची ओळ शोधा. १८६७च्या कायद्यानं मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण छापणं बंधनकारक होतं, म्हणून शेवटच्या पानाच्या तळाशी ते बहुधा सापडतं. तिथे तारीख नसेल तर जाहिराती वाचा.

किंमत आण्यांत असेल तर अंक १ एप्रिल १९५७च्या आधीचा किंवा त्या संक्रमणाच्या आसपासचा. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे दिसले तर १९५७ ते १९६४मधला, कारण जून १९६४पासून ‘नवे’ हा शब्द वगळला गेला. पत्ता नुसता ‘मुंबई १’ असेल तर १९७२च्या आधीचा असण्याचा संभव मोठा. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला आणि त्याच पत्त्याचं ‘मुंबई ४०० ००१’ झालं. कंपनीच्या जाहिरातीत ‘मॅनेजिंग एजंट्स’ (कराराने कंपनीचा कारभार चालवणारी पेढी) असा उल्लेख आला तर अंक एप्रिल १९७०च्या अलीकडचा नाही, कारण ती पद्धत तेव्हा कायद्यानं संपली. भागविक्रीच्या जाहिरातीत ‘कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज’ या भागविक्रीला परवानगी देणाऱ्या सरकारी कार्यालयाची संमती छापली असेल तर तो १९९२नंतरचा नव्हे. ते कार्यालयच त्या वर्षी गेलं आणि सेबीला वैधानिक अधिकार मिळाले.

एका खुणेवर विसंबू नका. जुने ठोकळे वर्षानुवर्षं वापरले जात, त्यामुळे पिनकोड आल्यावरही जुना पत्ता छापलेली जाहिरात आढळते. ‘याच्या आधीचा नाही’ असं सांगणारी खूण ‘याच्या नंतरचा नाही’ सांगणाऱ्या खुणेपेक्षा भरवशाची असते. पिनकोड १९७२च्या आधी कुणीच छापू शकत नव्हता.

घरी आणल्यावर

नवा गठ्ठा थेट कपाटात नको. तीन आठवडे वेगळ्या खोलीत, पांढऱ्या कागदावर ठेवा. खाली बारीक भुसा किंवा काळे कण पडले तर आत किडे आहेत. कसर कागदाचा वरचा थर खरवडते आणि खळीकडे जास्त ओढली जाते. वाळवी मात्र आरपार जाते आणि मातीचे माग सोडते. वाळवीचा माग दिसला तर तो गठ्ठा त्याच दिवशी घराबाहेर काढा.

कसर आणि तिची अंडी मारायला औषधाची गरज नाही. अंक पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा काढा, पिशवी चिकटपट्टीनं बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. साध्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा बऱ्याचदा एवढा थंड होत नाही, आत थर्मामीटर ठेवून खात्री करा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडली तर बाहेरची वाफ थंड कागदावर धरून अंक भिजतो. हीच चूक सगळ्यात जास्त होते. पूर्ण एक दिवस पिशवी बंदच ठेवा, मग दव पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरतं.

डांबराच्या गोळ्या नकोत. त्यांचा वास माणसाला बाधतो, कागदात मुरतो आणि काही प्लॅस्टिकची आवरणं त्यानं चिकट होतात.

बुरशी दिसली तर आधी अंक कोरडा करा, मग घराबाहेर, तोंडाला एन-९५ मास्क लावून मऊ ब्रशनं झटका. ओल्या बुरशीवर ब्रश फिरवला की ती कागदात घासली जाते आणि डाग कायमचा बसतो. कडक उन्हात वाळवण्याचा मोह टाळा. ऊन बुरशीपेक्षा रंगांना आधी खातं.

भिजलेला आर्ट पेपरचा अंक हे वेगळंच संकट. त्या कागदावर मातीसारखा पांढरा थर असतो. ओलीनं तो थर सैल होतो आणि सुकताना शेजारच्या पानाला धरून बसतो. पूर्ण सुकला की अंकाची वीट होते आणि मग कुणीही ती सोडवू शकत नाही. म्हणून ओला असतानाच, काही तासांच्या आत, प्रत्येक पानामध्ये कोरा कागद घालून सुटा करा. वेळ नसेल तर ओल्या अवस्थेतच फ्रीजरमध्ये टाका. तिथे तो थांबून राहतो आणि सवडीनं काम करता येतं. वर्तमानपत्री कागदाला ही भीती नाही, तो सुकतो. पण त्यात लाकडाचं लिग्निन आणि आम्ल असल्यामुळे तो वर्षागणिक ठिसूळ होतच राहतो.

पिना आणि दुरुस्ती

पिन चकचकीत असेल तर हात लावू नका. गंज धरू लागली असेल तरच काढा. मधलं जोडपान उघडा, पिनेच्या पायांखाली पातळ पण ताठ कार्डाचा तुकडा सरकवा, बोथट सुरीनं पाय उभे करा आणि कण्याच्या बाहेरच्या बाजूनं पिन सरळ ओढा. ऑफिसातला पिन काढण्याचा चिमटा वापरला तर कणा फाटलाच म्हणून समजा. त्याच जुन्या छिद्रांतून लिननच्या दोऱ्याचा टाका घाला आणि गाठ आत, मधल्या पानावर मारा. नवी छिद्रं पाडू नका.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणं म्हणजे आजचं काम उद्याच्या डोक्यावर टाकणं. चिकट थर तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि टेप मात्र गळून पडते. बायंडरकडची खळही नको: कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे आणि तांब्याचा अंश कागदाला कालांतरानं जाळतो. मिथाइल सेल्युलोजची पूड आणा. ३ ग्रॅम पूड ३० मिली गरम पाण्यात ढवळून पसरवा, वर ७० मिली थंड पाणी घाला आणि रात्रभर ठेवा. सकाळी पारदर्शक, गाठी नसलेली खळ तयार होते. उलटं केलं, म्हणजे आधीच थंड पाण्यात पूड टाकली, तर गोळे होतात. पातळ जपानी टिश्यूची पट्टी कात्रीनं न कापता ओल्या ब्रशची रेघ मारून फाडा, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जोड दिसत नाही. खळ पट्टीला अगदी थोडी लावा, वर बेकिंगचा सिलिकॉन कागद आणि त्यावर वजन ठेवा. ही दुरुस्ती साध्या कागदासाठी. आर्ट पेपरवर पाणी लागलं की चमक जाते, तिथे फाटलेलं पान तसंच आवरणात ठेवलेलं बरं.

ठेवणं

पिनांचे अंक उभे ठेवले की पोक येतो. आडवेच ठेवा, एका थरात १५ ते २०, आणि चार-पाच अंकांनंतर कण्याची बाजू बदला, नाहीतर ढीग एका अंगाला कलतो. आवरण पॉलिस्टरचं किंवा पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. वास येणारं, मऊ पीव्हीसी शाई ओढून घेतं. फळ्यावर वर्तमानपत्र अंथरायची आपली सवय इथे सोडावी लागेल, त्याचं आम्ल वरच्या अंकात उतरतं.

स्टीलचं कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार इंच पुढे आणि तळाचा कप्पा जमिनीपासून निदान सहा इंच वर असावा. माळा नको, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर जाते आणि ६५च्या वर बुरशीला आमंत्रण मिळतं. म्हणून निवडक अंक हवाबंद डब्यात ठेवा, पण डबे भरायचे ते जानेवारी-फेब्रुवारीत. जुलैमध्ये भरलेला डबा ओल आतच कोंडतो, मग वर कितीही सिलिका जेल टाका. ४० लिटरच्या डब्याला पाव ते अर्धा किलो नारिंगी जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक पुरतो. रंग हिरवट झाला की जेल ओटीजीमध्ये (घरगुती छोट्या ओव्हनमध्ये) ११०-१२० अंशांवर दोन तास तापवा. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं क्षार असतं, ते स्वयंपाकाच्या ओटीजीत घालू नका.

स्कॅन करताना अंक उलगडून काचेवर दाबू नका, वरून फोटो घ्या. पातळ कागदामागे काळा कागद ठेवला की मागच्या पानावरची अक्षरं उमटत नाहीत.

नोंद

वहीत किंवा तक्त्यात नाव, खंड, अंक, तारीख, किंमत, पानं एवढे रकाने सगळेच करतात. त्यात आणखी चार हवेत: चारही मुखपृष्ठपानं आहेत का, कापलेलं काय, सुटं काय सापडलं, आणि कुणाकडून आला. अंकावर लिहायचंच असेल तर शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात २बी पेन्सिलीनं.

‘नाही’ असलेले अंक शोधायला निघण्याआधी ते कधी निघाले होते का, ते ठरवा. मराठी मासिकांचे दिवाळीचे जोडअंक एका अंकात दोन महिने गिळतात. ‘इकॉनॉमिक वीकली’च्या काही वार्षिक अंकांवर ४-५-६ असे तीन क्रमांक एकत्र असत, म्हणून तिसऱ्यानंतर चौथा आला आणि पाचवा-सहावा ‘हरवला’ असं वाटतं. त्याच साप्ताहिकाचा प्रकाशनकाळ डिसेंबर १९६५ला संपला आणि ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चा पहिला अंक २० ऑगस्ट १९६६चा आहे. मधल्या सात-आठ महिन्यांचे अंक कुणी विकायला आणलेच, तर विकत घेण्याआधी त्याच्याकडून मुद्रकाची ओळ वाचून घ्या.